पथक हातात आलं, स्काउटचे नऊ नियम पाठ झाले, आता पुढे?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधल्या तरुण शिक्षकांचा आहे. आधीचे स्काउट मास्टर निवृत्त झाले, यांनी बेसिक कोर्स केला आणि २६ पोरांचं पथक यांच्या गळ्यात पडलं. मुलं वचन आणि नियम घडाघडा म्हणतात, पण बैठक सुटली की पाण्याच्या नळावर तीच धक्काबुक्की सुरू होते. नियम मोडला तर शिक्षा करावी का? जिल्ह्याच्या मेळाव्यात बरंच काही कन्नडमध्ये चालतं, तिथे आमची पोरं मागे पडतात, त्याचं काय? आणि पालक विचारतात, ह्यात मार्क किती, त्यांना काय सांगायचं?

सर, तुम्ही म्हणता की दर शनिवारी पथकाला रांगेत उभं करून तुम्ही नियम म्हणवून घेता. अडचण तिथेच आहे. २६ पोरं एका माणसाकडे तोंड करून उभी राहिली की तो वर्ग होतो, मैदानात भरला तरी. वर्गात मूल तुमच्या नजरेपुरतं शहाणं असतं, आणि नळावर तुमची नजर पोचत नाही. स्काउटिंगमध्ये नियम रुजवण्याचं काम स्काउट मास्तरने करायचंच नसतं, ते संघाने करायचं असतं. बाकी जे काही खाली लिहितो ते सगळं ह्या एका गोष्टीच्या पोटातलं आहे.

संघ म्हणजे ६ ते ८ मुलं, त्यांचा एक संघनायक, एक उपनायक. पथकात जास्तीत जास्त ३२ मुलं, म्हणून चार संघ. स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हाही वीसेक मुलांचे चारच संघ पाडले होते: लांडगा, बैल, कावळा आणि एक पाणपक्षी. त्या मुलांत काही उंची शाळांतली श्रीमंतांची होती, काही कामगारांची. ती एकाच संघात एका चुलीवर जेवली. तुमच्या २६ जणांचेही चार संघ पाडा, पण इयत्तेप्रमाणे पाडू नका. आठवी, नववी, दहावी प्रत्येक संघात मिसळलेली हवी, नाहीतर मोठ्याने धाकट्याला शिकवायचं कधी? एकाच गल्लीतली सगळी पोरंही एका संघात टाकू नका. जिवाभावाच्या दोघांना वेगळं केलंत तर मात्र ती पुढच्या शनिवारी येणार नाहीत, तेवढं सांभाळा.

संघनायक कोण, हा सगळ्यांत नाजूक प्रश्न. बहुतेक शाळांत वर्गाचा मॉनिटर किंवा पहिला नंबर काढणारा मुलगा आपोआप संघनायक होतो. माझा अनुभव उलटा आहे. पहाटे डेअरीला दूध घालून शाळेला येणारा, धाकट्या भावंडांना सायकलवरून सोडणारा, बापाबरोबर ऊस भरायला गेलेला मुलगा संघ जास्त चांगला चालवतो. त्याला कुणाला काय जमेल याचा अंदाज असतो आणि त्याचा आवाज चढत नाही. आधी संघातल्या मुलांना विचारा, मग तुम्ही ठरवा.

मग कामं वाटा. एकाकडे सामान, एकाकडे पैसे, एकाकडे संघाची वही, एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, एकाकडे शिधा आणि स्वयंपाक. कामं खरी हवीत. खजिनदाराच्या हातात वर्गणीचे पैसे नसतील आणि महिन्याच्या शेवटी त्याला हिशेब सांगावा लागणार नसेल तर ते पद नुसतं नावाचं. आपल्याकडून पंढरपूरला पायी जाणारी दिंडी पाहा. विणेकरी ठरलेला, शिधा बघणारा ठरलेला, तंबू मारणारे ठरलेले, आणि कुणी कुणावर ओरडत नाही. संघ असा चालायला लागला की पहिला नियम, स्काउट विश्वसनीय असतो, त्याला जागा मिळते. विश्वास टाकण्यासारखं काही हातात दिलंच नाही तर मूल विश्वसनीय ठरणार कसं?

आता नळाचं बघू. पुढचा आठवडाभर नळाची जबाबदारी एका संघाला द्या. शिट्टी वाजवून दटावणारे पहारेकरी करू नका त्यांना. त्यांना एवढंच विचारा, सुट्टी दहा मिनिटांची, पोरं एवढी, नळ एवढे, मग रांग कशी लागेल? दोन दिवस गोंधळ होईल. मध्ये पडू नका, हे सगळ्यांत अवघड. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पाचवी-सहावीच्या मुलांना पाच मिनिटं आधी सोडायची युक्ती काढेल आणि मुख्याध्यापकांकडे विचारायला जाईल. गळका नळ वायसर घालून दुरुस्त करायचंही त्यांनाच सुचेल. सहाव्या नियमातलं सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण ते हेच. विनयशीलता, शिस्त, काटकसर हेही सगळं त्या नळावर येतं. नऊ नियमांत ‘हे करू नये’ असा एकही नियम नाही, तेव्हा नुसतं गप्प उभं राहून कुठलाच पाळता येत नाही, काहीतरी करावंच लागतं.

शिक्षेबद्दल तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगतो. मारणं, उन्हात उभं करणं, उठाबशा हे शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत बंद आहे आणि पथक शाळेतच आहे. कायदा नसता तरी मी तेच सांगितलं असतं. याहून वाईट एक प्रकार काही ठिकाणी चालतो, सगळ्यांसमोर मुलाचा स्कार्फ काढून घेणं. ते कधीही करू नका. स्कार्फ त्याने वचन देऊन मिळवलेला असतो, तुमच्या मर्जीने नव्हे. एकदा तो असा काढला की परत घातलेला स्कार्फ त्या मुलाला नुसतं कापड वाटतं.

यासाठी मानसभा आहे. संघनायक सभासद, एक ज्येष्ठ संघनायक अध्यक्ष, एक लेखनिक, आणि तुम्ही मागे बसलेले. तिथे पथकाचा पुढचा कार्यक्रम ठरतो, पैशाचा हिशेब होतो आणि वागणुकीचे प्रश्नही येतात. तिथलं बोलणं बाहेर जात नाही, हा पहिला दंडक. समजा शिबिरात एकाची बॅटरी दुसऱ्याच्या पिशवीत सापडली. तुम्ही चौकशी लावलीत तर मुलगा खोटं बोलेल, साक्षीदार गप्प बसतील आणि गावात दोन घरांची भांडणं होतील. संघनायकांसमोर गेला तर पंधरा मिनिटांत खरं बाहेर येतं, कारण त्यांना आधीच सगळं माहीत असतं. मुलांचा निवाडा बहुधा आपल्यापेक्षा कडक असतो. ‘सर, त्याला घरी पाठवूया’ असं पहिल्यांदा म्हणतातच. तेव्हा तुम्ही एवढंच विचारायचं, पाठवून बॅटरीवाल्याला काय मिळणार? मग ती विचार करायला लागतात. शेवटी बहुतेक वेळा ठरतं ते असं, की त्याने स्वतः जाऊन वस्तू परत द्यायची आणि उरलेल्या शिबिरात सामानाची मोजदाद त्यानेच ठेवायची. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्यालाच सामान सांभाळायला देणं, हे मोठ्या माणसांना सुचत नाही. तुमचा नकार फक्त दोन ठिकाणी चालवा, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणाचा अपमान होत असेल तर.

एक विषय मात्र मानसभेकडे कधीही द्यायचा नाही. मोठ्या माणसाकडून किंवा मोठ्या मुलाकडून कुणाच्या अंगाला नको तसा हात लागला असेल, तर तो थेट मुख्याध्यापकांकडे आणि पोलिसांकडे जातो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. म्हणूनच शिबिरात दोन प्रौढ असल्याशिवाय मुक्काम नाही, मोठ्यांचा तंबू वेगळा, आणि एकट्या मुलाबरोबर एकट्या मास्तरने बंद जागेत बसायचं नाही. तुम्ही कितीही सज्जन असलात तरी.

शनिवारची बैठक कशी असावी? सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास पुरे. झेंडा, प्रार्थना, तपासणी यांत पंधरा मिनिटांवर घालवू नका. तपासणी संघनायकाने आपल्या संघाची करावी, तुम्ही फक्त नजर टाकावी. मग एक खेळ, मग एक कौशल्य, मग संघ आपापल्या कोपऱ्यात, शेवटी झेंडा उतरवून घरी. कौशल्य शिकवताना एकदम सगळ्या पथकाला गाठी दाखवत बसू नका. आदल्या दिवशी चार संघनायकांना शिकवा, शनिवारी त्यांनी आपल्या संघाला शिकवायचं. आणि गाठ कशाला लागते हे हातात देऊन दाखवा. रीफ नॉट पट्टी बांधायला उत्तम, सपाट बसते, सहज सुटते, पण भार ओढणारे दोन दोर जोडायला ती वापरली तर घसरते. तिथे शीट बेंड लागते. बोलाइनचा फास आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्याला वर काढायला ती. एकदा शाळेच्या विहिरीवरून भरलेली घागर दोन वेगळ्या गाठींनी ओढायला लावा, म्हणजे पुस्तकातल्या चित्राची गरज राहणार नाही.

रोजच्या सत्कृत्याची मुलं चेष्टा करतात, आणि तुम्ही वहीत लिहायला लावलंत तर खोटी सत्कृत्यं लिहितात. ‘म्हातारीला रस्ता ओलांडून दिला’ हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलंय की आपल्या भागात इतक्या म्हाताऱ्या रस्त्याच्या ह्या बाजूला कशा राहिल्या कुणास ठाऊक. वही बंद करा. बेडन-पॉवेल यांची मूळची सूचना सोपी होती: सकाळी स्कार्फला एक जास्तीची गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. रोज स्कार्फ नसतो, तर रुमालाला मारा. कुणाला दाखवायची नाही.

आठव्या नियमाला, काटकसरीला, आपल्या संस्थेत, म्हणजे भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये, ‘खरी कमाई’ची जोड आहे: मुलाने श्रमाने चार पैसे मिळवायचे. इथे जपा. बटाटा काढणीला किंवा काजूच्या कारखान्यात मजुरीला मुलं पाठवणं म्हणजे खरी कमाई नव्हे, तो गुन्हाही ठरू शकतो. दिवाळीआधी बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचे आकाशकंदील करा. कामट्या बांधताना आडव्या-उभ्या काठ्यांची स्क्वेअर लॅशिंग बारीक सुतळीवर पक्की होते, हा वरचा फायदा. विकलेल्या प्रत्येक कंदिलाची नोंद खजिनदाराच्या वहीत. आलेल्या पैशातून शिबिराचा शिधा घ्या, मग ताटात भात टाकून देणारं पोर दिसणार नाही.

गणवेशाबद्दल थोडक्यात. राखाडी शर्ट आणि निळी पँट घ्यायला सगळ्या घरांत पैसे नसतात. दहावी संपवून जाणाऱ्या मुलांचे गणवेश धुऊन पेटीत ठेवा आणि नव्यांना द्या, कुणाचा कुणाला हे सांगू नका. दीक्षाविधीची, म्हणजे वचन देऊन रीतसर स्काउट होण्याची, घाई मात्र करू नका. ‘प्रवेश’ या पहिल्या पायरीची तयारी होऊन मूल संघात मुरेपर्यंत निदान तीन महिने जाऊ देत. वचन घेताना ‘ईश्वर’च्या जागी ‘धर्म’ म्हणायची मोकळीक आपल्या संस्थेने दिलेली आहे. आपल्या जिल्ह्यात जैन घरं पुष्कळ आहेत, एखादा मुलगा विचारतोच. त्याला आधीच सांगा, दोन्हीपैकी काय म्हणायचं ते घरी बोलून ठरव.

भाषेचा प्रश्न तुम्ही अडचण म्हणून मांडलात. मला तसं वाटत नाही, पण तुमच्या पोरांना मेळाव्यात बुजल्यासारखं होतं हे खरं आहे. पहिली गोष्ट, स्काउटिंगचे निम्मे संकेत भाषेशिवायचे आहेत. शिट्टीचे ठोके पक्के करा. एक लांब म्हणजे शांत, लक्ष द्या. लांब आणि संथ ठोक्यांची मालिका म्हणजे पांगा, लांब जा. भराभर आखूड ठोके म्हणजे जमा व्हा. आखूड-लांब आलटून पालटून म्हणजे धोका. तीन आखूड आणि एक लांब म्हणजे फक्त संघनायक या. हातांच्या खुणाही तशाच. एवढं अंगात भिनलं की मैदानावर आदेश कन्नडमध्ये येवो की हिंदीत, तुमचं पथक सगळ्यांत आधी उभं असेल.

दुसरी गोष्ट, वर्षातून एकदा शेजारच्या कन्नड माध्यमाच्या पथकाबरोबर दोन दिवसांचं शिबिर घ्या आणि संघ मिसळून पाडा, मराठी विरुद्ध कन्नड अशी स्पर्धा लावू नका. चूल एक असली की नीरु म्हणजे पाणी, बेंकी म्हणजे विस्तव, हग्ग म्हणजे दोर, निल्लु म्हणजे थांब, हे शिकवावं लागत नाही. खानापूरची पोरं तशी बाजारात कन्नड ऐकतातच, लाज फक्त बोलायची असते. समोरचा मुलगाही मोडकंतोडकं मराठी बोलायला लागला की तीही जाते. आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला सेवेसाठी मुलं नेलीत तर बघा, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तिथे दोन्ही राज्यांतून माणूस लोटतो. हरवलेलं पोर मराठीत रडत असतं आणि त्याला शोधणारा पोलीस कन्नडमध्ये विचारत असतो. तिथे दोन्ही भाषा येणारा तुमचा नववीतला मुलगा सगळ्यांत उपयोगी ठरतो.

‘सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा बंधू’ हा तिसरा नियम आपल्या देशात सुखासुखी आलेला नाही, हेही मुलांना सांगा. १९०९ मध्ये आपल्याच राज्यात, बेंगळुरूला, कॅप्टन बेकर यांनी पथक काढलं, पण सुरुवातीच्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि पुढे मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत वेगळ्या संघटना उभ्या केल्या. त्या सगळ्यांचं एक होऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींच्या गाइड्स तिच्यात आल्या. नियम छापलेला असूनही तो पाळून घ्यायला चाळीस वर्षं लागली.

हाइक आणि शिबिराचं तुम्ही विचारलं नाही, पण तालुका खानापूर असल्यामुळे लिहायलाच हवं. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे मुक्काम नको. जळवा सोसतील, पण ओढे तासाभरात चढतात, आणि मलप्रभा नदी उगमापाशी दिसते तेवढी गरीब पुढे राहत नाही. जंगलात अस्वलं आहेत, माणसावर हल्ले होतात. भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. पहिली हाइक राजहंसगडाची करा, यळ्ळूरवरून, उघडा डोंगर, फोन लागतो. वाटेवर माग काढायच्या खुणा एका संघाने मांडायच्या, बाकीच्यांनी वाचायच्या. शेवटची खूण पोरांना फार आवडते, वर्तुळात ठिपका, म्हणजे मी घरी गेलो. मुक्काम डिसेंबर-जानेवारीत. थंडी असते, पण रान कोरडं असतं.

पाण्यात उतरायचं तर जोडीजोडीने, काठावर दोन पोहणारे मोठे, आणि अनोळखी डोहात नाहीच. साप चावला तर जुन्या पुस्तकांतलं कापणं, चोखणं, दोरी करकचून बांधणं पूर्ण विसरा. तो अवयव काठीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवायचा, मुलाला चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेला दवाखाना. निघायच्या आधी तो दवाखाना कुठला हे संघनायकांना माहीत हवं. ‘तयार’ हे आपलं ब्रीदवाक्य आहे, ते इथे कामाला येतं.

स्वयंपाक संघाने आपापला करायचा. पहिल्या रात्री भात कच्चा आणि आमटी खारट होणारच. तरी बाहेरून आचारी आणू नका. आचारी असलेली शिबिरं मी पाहिली आहेत. तिथे दुपारी सगळी पोरं झाडाखाली लोळत असतात आणि स्काउट मास्तर एकटा धावत असतो.

पालकांना मार्कांचं आमिष दाखवू नका. मार्कांसाठी आलेलं मूल प्रमाणपत्र हातात पडलं की जातं. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार हे मार्ग आहेत, चांगले आहेत, पण प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, म्हणजे प्रशिक्षणाच्या पायऱ्या, खरोखर करत कुणी तिथवर पोचला तर. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, विकत आणून भरणारी पथकं मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. पालकांना शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी बोलवा आणि मुलांनी रांधलेलं पिठलं-भाकरी खायला घाला. ‘घरी ताट उचलत नाही हा, इथं भाकरी थापूलाय,’ असं एखादी आई म्हणाली की तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

या वर्षी जिल्हा मेळाव्यातल्या बक्षिसाचा विचार सोडा. संचलन बसवण्यात दोन महिने गेले तर संघ बसवायचे राहतात. आता संघ पाडा, दर पंधरवड्याला मानसभा घ्या, गणपतीपर्यंत एक दिवसाची हाइक, दिवाळीआधी कंदील, आणि तयार झालेल्यांचा दीक्षाविधी ७ नोव्हेंबरला, स्थापनादिनाला, ठेवा. पथकाची वार्षिक नोंदणी आणि तुमचं वॉरंट (स्काउट मास्टर म्हणून नेमणुकीचं पत्र) या दोन कागदांची मुदत मात्र आजच बघून घ्या. आधीच्या सरांच्या नावावर चालू असतील तर शिबिराची परवानगी अडकते.